ब्रेस्ट रिडक्शन ठरतंय, पण नंतरच्या कॉम्प्लिकेशन्सची भीती वाटतेय. अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज

कृष्णाकाठची

नमस्कार. एरवी नुसती वाचत असते इथे, लिहितेय पहिल्यांदाच आणि तेही असल्या विषयावर, त्यामुळे सांभाळून घ्या. वय ३७, सांगली, एक मुलगी आहे, दुसरं नको हे ठरलेलं. छाती लग्नाआधीपासूनच जड होती, बाळंतपणानंतर आणखी वाढली. ब्राचे पट्टे रुतून खांद्यांवर खाचा पडल्यात, मान-पाठ कायम धरलेली, आणि एप्रिल-मे आला की छातीखालच्या घडीत घामाने असं काही चिघळतं की मलमं लावून लावून तिथली कातडी काळी पडलीय. फिजिओ झाला, वजन उतरवून झालं, सगळीकडचं उतरलं, इथलं नाही. शेवटी पुण्यात एका प्लास्टिक सर्जनना दाखवलं, त्यांनी रिडक्शन सुचवलं. सोनोग्राफी-मॅमोग्राफी नॉर्मल आहे, नवरा पाठीशी आहे, सासूबाईंना फक्त "गाठीचं ऑपरेशन" सांगायचं ठरलंय.

अडचण अशी की घरी येऊन कन्सेंट फॉर्म वाचला आणि झोपच उडाली. रक्त साचणे, पू होणे, टाके उसवणे, निपलचा रक्तपुरवठा बंद पडणे, संवेदना जाणे, दोन बाजू कमीजास्त होणे, जाड वण राहणे, यादी संपतच नाही. वर नेटवर काळ्या पडलेल्या निपलचे फोटो बघून बसले. डॉक्टर म्हणाले हे सगळं लिहावंच लागतं. ते ठीक आहे हो, पण यातलं माझ्या हातात काय आहे आणि नंतर घरी असताना काय दिसलं तर गप्प पडून राहायचं आणि काय दिसलं तर रात्री दोनला गाडी काढायची, हे कुणी नीट सांगेना. पुणे आमच्याहून चार-पाच तास. मेडिक्लेमचंही कुणाला माहीत असेल तर सांगा. आणि माझ्या एका मैत्रिणीला उलट इम्प्लांट टाकायचेत, तीही हा धागा वाचणार आहे, त्यामुळे त्यावरही लिहिलंत तर चालेल.

खाडीपलीकडची

ताई आधी एक सांगते, ऑपरेशन करून मला आता दोनेक वर्षं झाली आणि खांद्यावरचं ओझं उतरलं म्हणजे काय ते मला त्या पहिल्या सकाळीच कळलं, टाके ठणकत होते तरी. त्यामुळे फोटो बघणं बंद कर. नेटवर नीट बरं झालेलं कुणी फोटो टाकत नाही.

आता गुंतागुंतीचं. माझे टाके एका जागी उसवले. कुठे, तर निपलखालून येणारी उभी रेघ आणि छातीखालची आडवी रेघ जिथे मिळतात तिथे, उलटा टी होतो बघ, त्या कोपऱ्यावर. तिसऱ्या आठवड्यात ड्रेसिंग काढलं तर तिथे बोटाच्या पेराएवढी जखम उघडी आणि पिवळट लस. मी रडारड केली. सर्जन शांत, म्हणाले ही रिडक्शनमधली सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार आहे, सगळा ताण त्या कोपऱ्यावर येतो आणि कातडीची टोकं तिथे पातळ असतात, परत टाके घालायचे नाहीत, आतून भरून येईल. रोज ड्रेसिंग आणि महिन्याभरात बंद झाली. आता नीट बघितलं तरच कळतं. अजून एक, पुढे कित्येक आठवडे रेघेतून अधूनमधून धाग्याचं टोक वर येतं, पुटकुळी येते, तो आतला विरघळणारा धागा असतो. ते बघून पण घाबरशील म्हणून सांगितलं. ओढायचा नाही, त्यांना दाखवायचा.

संवेदना उजवीकडे वर्षभराने बऱ्यापैकी आली, डावीकडे अजून बधिरच आहे थोडी. हे मला आधी स्पष्ट सांगितलेलं होतं म्हणून चाललं. तूही आधी मनाशी पक्कं कर की असं होऊ शकतं, आणि ते चालणार असेल तरच पुढे जा.

निसर्गप्रेमी_काका

देवाने दिलेलं शरीर आहे, कापाकापी कशाला. मेथी आणि हळदीचा लेप, सूर्यनमस्कार, सहा महिन्यात फरक पडतो. आजकाल सगळ्यांना शॉर्टकट हवा.

खाडीपलीकडची

काका, सहा महिने तुम्ही छातीला दोन अडीच-अडीच किलोच्या पिशव्या बांधून सूर्यनमस्कार घाला, मग बोलू.

वॉर्डातली_सिस्टर

बरीच वर्षं प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात काढलीत, आता सुपरवायझर आहे, तेव्हा थोडं सविस्तर लिहिते. आधी ताई मला एक खरं सांगा. सिगरेट नाही हे मला माहितीये, पण तंबाखू? मशेरी? आपल्याकडच्या बायका "व्यसन आहे का" विचारलं की चट्कन नाही म्हणतात आणि सकाळी मशेरीशिवाय परसाकडेला जात नाहीत.

बाकी, रात्री दोनला गाडी कधी काढायची ते सांगते. पहिले दोन दिवस सगळ्यात नाजूक. दोन्ही बाजू सुजणार, काळ्यानिळ्या होणार, दुखणार, हे सगळं धरूनच चालायचं. पण एकच बाजू तासा-दोन तासात दुसरीपेक्षा मोठी व्हायला लागली, टणक झाली, कातडी चकाकायला लागली आणि गोळी घेऊनही त्याच बाजूला फाटल्यासारखं दुखायला लागलं, तर आत रक्तस्राव होऊन साचतंय, हिमॅटोमा. याला थांबायचं नसतं, परत थिएटरमध्ये नेऊन साचलेलं काढतात, रक्तवाहिनी बंद करतात, आणि वेळेत झालं तर शेवटचा रिझल्ट बिघडत नाही. उशीर केला तर आतला दाब निपलकडे जाणारा रक्तपुरवठा दाबतो.

निपलचं आम्ही वॉर्डात कसं बघतो सांगते. गोऱ्या बाईचं सोपं असतं, आपल्या वर्णाच्या बाईचा निपल मुळातच गडद, रंगावरून पटकन कळत नाही. मग बोटाने हलकं दाबायचं, सोडायचं, आणि रंग किती वेळात परततो बघायचं. दोनेक सेकंदात परतला तर छान. परतलाच नाही आणि भाग गार, फिकट, तर रक्त येत नाहीये. दाबल्याबरोबर झटक्यात परतला आणि भाग जांभळा, फुगलेला दिसतोय तर रक्त येतंय पण बाहेर जात नाहीये. शंका आली की डॉक्टर सुई टोचून बघतात, लालभडक थेंब आला तर निश्चिंत, काळपट रक्त भराभर यायला लागलं किंवा काहीच आलं नाही तर लगेच निर्णय. कित्येकदा नुसते दोन-चार टाके मोकळे केले की रंग सुधारतो. म्हणून पहिली रात्र हॉस्पिटलमध्ये काढा, ज्या सिस्टरला हे बघता येतं तिच्या समोर. "डे केअर आहे, संध्याकाळी घरी" असं कुणी म्हणालं तर सांगलीच्या बाईने ते ऐकू नये.

नंतरच्या आठवड्यात ताप एकशेएकच्या वर, थंडी वाजणं, एका बाजूची लाली पसरत जाणं, ड्रेसिंगला वास, घट्ट पिवळा-हिरवा पू, हे दिसलं की त्याच दिवशी फोन, सकाळची वाट नाही. पातळ, गुलाबीसर लस थोडी थोडी येत राहिली तर ते चालतं. पोटरी एकीकडेच सुजून दुखली किंवा एकाएकी धाप लागली, छातीत खोल श्वासाला कळ आली, तर सर्जनला फोन लावत बसू नका, जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा, ती रक्ताची गाठ फुफ्फुसात गेल्याची लक्षणं असू शकतात. यासाठीच आम्ही त्याच संध्याकाळी बायकांना उठवून चालवतो, शिव्या खाऊन.

आणि गरम पाण्याची पिशवी! हे कुठल्या फॉर्मवर नसतं. कातडी बधिर असते, सूज उतरायला म्हणून घरचे प्रेमाने शेक देतात आणि बाईला कळतच नाही. आमच्याकडे भाजून फोड आलेल्या आल्यात, टाके एकदम सुंदर आणि बाजूला हा भाजल्याचा डाग. बर्फही थेट लावायचा नाही. हळदही जखमेत भरायची नाही.

कृष्णाकाठची

सिस्टर, तुम्ही तर घरात येऊन बघितल्यासारखं लिहिलंत. मशेरी आहे. सकाळ-संध्याकाळ. डॉक्टरांनी स्मोकिंग विचारलं होतं, मी नाही म्हटलं, मशेरी त्यात धरतात हे डोक्यातच आलं नाही. तेवढीशी चिमूट दातांना लावून चूळ भरते, तिनेही फरक पडतो का?

वॉर्डातली_सिस्टर

पडतो आणि चांगलाच पडतो. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच की. हिरडीतून निकोटिन थेट रक्तात जातं आणि निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. रिडक्शनमध्ये निपल पूर्ण सुटा करत नाहीत, आतल्या ऊतीच्या एका देठावर ठेवून वर सरकवतात, त्याचं सगळं जगणं त्या देठातल्या बारीक नळ्यांवर. त्याच आवळल्या तर काय होणार. ते जे काळे फोटो तुम्ही बघितलेत त्यात तंबाखूवाल्या किती असतील देव जाणे. ऑपरेशनच्या कमीत कमी चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद, एक चिमूटसुद्धा नाही. निकोटिनची च्युइंगम आणि पॅचही त्यातच मोजायचे, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ते सुरू करू नका. आणि आत्ताच फोन करून त्यांना सांगा, ते रागावणार नाहीत, तारीख पुढे ढकलतील फारतर. काही सर्जन लघवीची तपासणी करून बघतात खरंच बंद केलंय का.

रात्रपाळीचा_रेसिडेंट

सिस्टरने माझं निम्मं काम केलं. मी प्लास्टिक सर्जरीत एमसीएच (एमएसनंतरची सुपरस्पेशालिटीची डिग्री) करतोय, सरकारी हॉस्पिटलात. इथे बघितल्याशिवाय कुणाला सल्ला देत नाही, सर्वसाधारण सांगतो.

ताई, ऑपरेशनआधीची तयारी म्हणजे निम्मी लढाई. हिमोग्लोबिन बघा, आपल्याकडे बायकांचं नऊ-दहावर असतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) करा, साडेसातच्या वर असेल तर बरेचजण आधी साखर आटोक्यात आणा म्हणतात, कारण साखर वाढलेली असली की इन्फेक्शन आणि टाके उसवणं दोन्ही वाढतं. वजन खूप जास्त असेल तरी तसंच. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन किंवा कॉम्बिफ्लामसारख्या गोळ्या, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल, आयुर्वेदिक काढे, जे काही चालू आहे ते सगळं कागदावर लिहून न्या, यातल्या बऱ्याच गोष्टींनी रक्त पातळ होतं. मनाने मात्र काही बंद करू नका, हार्टसाठी अ‍ॅस्पिरिन असेल तर तो निर्णय तुमच्या फिजिशियनचा. पाळी पुढे ढकलायच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आवर्जून सांगा, त्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते.

सर्जनची डिग्री बघा, एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी. "कॉस्मेटॉलॉजिस्ट", "एस्थेटिक फिजिशियन" असली पाटी म्हणजे प्लास्टिक सर्जन नव्हे. रजिस्ट्रेशन नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर तपासता येतो. भूल देणारा स्वतंत्र डॉक्टर हवा आणि तिथेच किंवा अगदी शेजारी आयसीयू हवा. या गोष्टी विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नका.

एक मुद्दा सहसा कुणी सांगत नाही. जखम सुरुवातीला छान भरते आणि तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, छोट्या गाठी येतात, फुटतात, पाण्यासारखा पू येतो, ताप नाही, दोन-तीन कोर्स अँटिबायोटिकचे झाले तरी हटत नाही आणि नेहमीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) काहीच वाढत नाही. अशा वेळी टीबीच्या जंतूंचे जे चुलतभाऊ असतात, पाण्यात-मातीत राहणारे मायकोबॅक्टेरिया, त्यांचा संशय घ्यायचा असतो. लॅबला मुद्दाम त्यासाठी नमुना पाठवावा लागतो, औषधं महिनोन् महिने चालतात. अवजारं नीट निर्जंतुक नसली, कुठे नळाचं पाणी वापरलं गेलं, तर हे होतं, लायपोसक्शननंतरही होतं. म्हणून स्वस्त पॅकेजवाल्या छोट्या सेंटरमध्ये काटकसर नेमकी कुठे केलीय हा प्रश्न मला पडतो. आणि जखम ओली असताना घरीही ती टाकीच्या पाण्याने धुवायची नाही, सांगितलेल्या सलाइननेच.

काढलेली ऊती हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) पाठवा म्हणून सांगा, रिपोर्ट फाइलला लावा. क्वचित त्यात अनपेक्षित काहीतरी सापडतं. काही महिन्यांनी आत टणक गाठ हाताला लागली तर बहुतेकदा ती मेलेल्या चरबीची असते, फॅट नेक्रोसिस, पण ते तुम्ही ठरवायचं नाही, सोनोग्राफी करायची, लागली तर सुईची तपासणी. पुढे मॅमोग्राफी करताना रिडक्शन झालंय हे रेडिओलॉजिस्टला आधी सांगा, नाहीतर आतल्या वणांचे आणि कॅल्शियमचे ठिपके बघून तोही घाबरतो आणि तुम्हीही.

वणांचं, आपल्या कातडीला जाड, उचललेले वण आणि केलॉइडची (जखमेच्या बाहेरही पसरत जाणाऱ्या वणाची) खोड जास्त. कान टोचलेल्या जागी किंवा सिझेरियनच्या जागी तसं झालं असेल तर आधीच सांगा. जखम पूर्ण बंद झाल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल काही महिने रोज, वर्षभर ऊन लागू द्यायचं नाही, आणि वण वर यायला लागला, खाजायला लागला तर लवकर दाखवा, स्टेरॉइडचं इंजेक्शन सुरुवातीला चांगलं काम करतं. वर्ष उलटेपर्यंत वण बदलत राहतो, तोपर्यंत सुधारणेचं दुसरं ऑपरेशन सहसा करत नाहीत.

मेडिक्लेम. इर्डाच्या (विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या) ठरलेल्या एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे कव्हर नसलेल्या गोष्टींत, कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी येते. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना त्या यादीतून वगळलीय, म्हणजे ती कव्हर होते, आणि आरोग्याला थेट, तातडीचा धोका आहे असं उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित केलं तरच बाकीचं. रिडक्शनला कंपन्या खळखळ करतात. पाठदुखीचे, त्वचेचे, फिजिओचे जुने कागद जोडून आधी लेखी विचारा. आणि हेही विचारा की नंतर हिमॅटोमा किंवा इन्फेक्शनसाठी परत भरती व्हावं लागलं तर ते धरणार का, मूळ ऑपरेशन कव्हर नसेल तर बऱ्याचदा तेही नाकारतात. कॉस्मेटिक म्हणून बिल झालं तर वर १८ टक्के जीएसटी लागतो, तो कोटेशनमध्ये धरलाय का बघा.

अटलांटिकपार

मैत्रिणीसाठी लिहिते. मूळची डोंबिवलीची, आता अमेरिकेत न्यू जर्सीला. मला इम्प्लांट घालून बरीच वर्षं झालीत आणि बहुतेक काळ आनंदात गेलाय हे आधी सांगते, नाहीतर खालचं वाचून वाटेल की मी विरोधातच आहे.

पहिलं म्हणजे हे आयुष्यभराचं उपकरण नाही. कधीतरी काढायला किंवा बदलायला परत टेबलवर जावं लागणार, हे धरूनच बजेट करायचं. शरीर परक्या वस्तूभोवती पडदा तयार करतं, कॅप्सूल, ते सगळ्यांचंच होतं, पण काहींचा तो आवळत जातो आणि छाती कडक, वर चढलेली, दुखरी होते. बेकर म्हणून चार पायऱ्या मोजतात, पहिल्या दोनला सहसा काही करत नाहीत, तिसऱ्या-चौथ्याला ऑपरेशन करून पडदा काढतात. यामागे इम्प्लांटवर चिकटून राहिलेल्या थोड्याशा जंतूंचा मोठा हात असतो असं मानतात, म्हणून चांगले सर्जन इम्प्लांट हाताळायच्या आधी हातमोजे बदलतात, तो कातडीला न लावता फनेलमधून आत सोडतात, निपल चिकटपट्टीने झाकतात, आतली जागा अँटिबायोटिकच्या द्रावणाने धुतात, शक्यतो छातीखालच्या घडीतून जातात. मैत्रिणीने हे एकेक विचारावं, सर्जनला आनंदच होईल.

दुसरं, सिलिकॉनचा इम्प्लांट आतल्या आत फुटला तर बाहेरून कळत नाही, आकार तसाच राहतो. इथल्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२० मध्ये सांगितलं की काही त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि मग दर दोन-तीन वर्षांनी. मॅमोग्राफी यासाठी पुरत नाही. भारतात हे कुणी फारसं सांगत नाही असं माझ्या बहिणीच्या मैत्रिणींवरून दिसतं.

तिसरं म्हणजे कार्ड. कंपनी, मॉडेल, लॉट नंबर, सिरियल नंबर असलेलं कार्ड ऑपरेशनच्या दिवशीच हातात घ्यायचं, मोबाइलमध्ये फोटो, लॉकरमध्ये मूळ. फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीने वैद्यकीय दर्जाचं नसलेलं, कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरलं होतं, २०१० मध्ये ते उघडकीला आलं, मालकाला पुढे शिक्षा झाली, पण जगभरात कितीतरी बायकांना आपल्या आत कुठलं आहे हेच सांगता येईना. मग जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलरगनचे बायोसेल नावाचे खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभरातून परत बोलावले, कारण एका दुर्मीळ लिम्फोमाशी त्यांचा संबंध जास्त दिसला. हा स्तनाचा नेहमीचा कॅन्सर नव्हे, कॅप्सूलमध्ये होणारा वेगळा आहे, लवकर सापडला तर इम्प्लांट आणि कॅप्सूल पूर्ण काढून बहुतेक बायका बऱ्या होतात. त्याची खूण म्हणजे ऑपरेशनला वर्षानुवर्षं उलटल्यावर एक बाजू अचानक पाणी भरून सुजणं. असं झालं तर नुसतं पाणी काढून मोकळं व्हायचं नाही, ते पाणी सीडी ३० च्या (त्या लिम्फोमाच्या पेशींवरच्या खुणेच्या) तपासणीला पाठवा असं नाव घेऊन सांगायचं. त्रास काही नसेल तर परत बोलावलेले इम्प्लांटही उगाच काढा असं एफडीए म्हणत नाही. माझे त्याच जातीचे आहेत, मी ठेवलेत आणि तपासण्या करते. नवीन घालायचे असतील तर मात्र मी तरी गुळगुळीतच घेईन.

थकवा, सांधे दुखणं, डोक्यात धुकं असल्यासारखं वाटणं अशा तक्रारी काही जणी सांगतात. २०२१ पासून इथे इम्प्लांटच्या खोक्यावरच्या ठळक इशाऱ्यात त्याचा उल्लेख करतात. त्याची एकच अशी तपासणी नाही, काहींना काढल्यावर बरं वाटतं. मैत्रिणीला आधीपासून ऑटोइम्यूनचं (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तसलं) काही असेल तर हे बोलूनच घ्या.

गोदाकाठचा_पोरगा

मी मुलगा आहे, हाकलू नका. गायनेकोमास्टियाचं (पुरुषांची छाती वाढते त्याचं) ऑपरेशन केलंय, नाशिकला. आमच्यातही तेच हो, फक्त बोलत कुणी नाही. मला त्याच रात्री डाव्या बाजूला सिस्टर म्हणतायत तसंच झालं, टी-शर्टमधून पण कळायला लागलं की ही बाजू वर आलीय. रात्रीच परत आत नेलं, रक्त काढलं, सकाळी पोहे खात होतो. पुरुषांत ही रक्त साचायची भानगड सगळ्यात जास्त असं डॉक्टर म्हणाले. घट्ट जॅकेट सहा आठवडे, उन्हाळ्यात जीव जातो पण घाला. आणि सर्जनला "सगळी गाठ साफ करा" असं सांगू नका कुणी, निपलखाली थोडी ठेवावी लागते, नाहीतर तिथे वाटीसारखा खड्डा पडतो आणि तो भरणं मूळ ऑपरेशनपेक्षा अवघड. जिमवाल्यांनी स्टेरॉइडची इंजेक्शनं बंद केल्याशिवाय करू नका, परत येतं.

ऑरेंज_सिटी

कुणाचं नाव घेत नाही पण हे लिहायलाच पाहिजे. माझ्या मावसबहिणीने इन्स्टावरची जाहिरात बघून पॅकेज घेतलं. सर्जन दुसऱ्या शहरातून शनिवारी यायचा, ओळीने ऑपरेशनं करायचा आणि संध्याकाळच्या फ्लाइटने परत. आठव्या दिवशी तिला ताप, एका बाजूने पू. सेंटरवरची मुलगी म्हणे फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा. फोटो पाठवला, दोन निळ्या टिका, उत्तर नाही. शेवटी आम्ही दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं तर तिथले डॉक्टर पहिल्यांदा नाखूश, म्हणे आत काय केलंय त्याची ऑपरेशन नोट आणा, आणि ती नोट मिळायला दोन दिवस भांडावं लागलं. आज बरी आहे, एक बाजू लहान आहे.

तर ताई, डॉक्टर किती भारी हे सगळे विचारतात, तू हे विचार की रविवारी रात्री फोन कोण उचलणार, त्याचं नाव काय, तो स्वतः सर्जन आहे की रिसेप्शन, आणि परत ऑपरेशन लागलं तर पैसे कोण भरणार. आणि डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशन नोटची कॉपी हातात आल्याशिवाय बिल भरायचं नाही.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांना मशेरीचं सांगितलं, त्यांनी तारीख सव्वा महिना पुढे नेली आणि खरं म्हणजे जरा खूशच झाले असं वाटलं. रविवारी रात्रीचा प्रश्नही विचारला, त्यांनी स्वतःचा आणि त्यांच्या असिस्टंटचा नंबर दिला. हिमोग्लोबिन ९.८ निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू. पुण्यात माझी आतेबहीण राहते कोथरूडला, तिच्याकडे दहाएक दिवस राहायचं ठरतंय. आता दोन बारीकसारीक शंका. ड्रेनची (आत साचलेलं रक्त-पाणी बाहेर ओढणारी) नळी असताना घरी सोडतात का? आणि मंगळसूत्र, आंघोळ, स्वयंपाक याचं काय?

वॉर्डातली_सिस्टर

तारीख पुढे गेली ते फार छान झालं. ड्रेन सगळेच ठेवत नाहीत, ठेवला तर काही जण त्याच्यासह घरी सोडतात. बाटली कायम दबलेली राहायला हवी, फुगली म्हणजे ओढ गेली, मग रिकामी करून, दाबून, बूच लावायचं, हे निघायच्या आधी माझ्यासारखीकडून आतेबहिणीला दोनदा करून दाखवायला लावा. रोज ठरलेल्या वेळी किती मिली आलं आणि रंग काय ते लिहायचं. लाल, मग गुलाबी, मग पिवळसर असं उतरत जायला पाहिजे. चोवीस तासात तीस मिलीच्या खाली आलं की बहुतेक काढतात. पिवळं झालेलं परत एकदम लाल झालं तर फोन.

मंगळसूत्र ऑपरेशनच्या आधी काढावंच लागतं, नंतरही लांब असेल तर वाट्या बरोबर टाक्यांवर घासतात, महिना-दीड महिना आखूड घाला. डोक्यावरून पाणी डॉक्टर सांगतील तेव्हाच, तोवर कमरेखाली आंघोळ आणि वरचं अंग पुसून. कुकर उचलणं, कणीक मळणं, वरच्या फडताळातला डबा काढणं, पाण्याची कळशी, स्कूटर, मुलीला उचलणं, सगळं चार ते सहा आठवडे बंद. हात मात्र खांद्यापर्यंत रोज हलवा, नाहीतर खांदा धरतो. ब्रा पुढून उघडणारी, तारेशिवाय, रात्रीपण, दोन घ्या म्हणजे एक धुता येते. नेमकं माप सूज उतरल्यावरच कळतं, त्यामुळे नवीन ब्लाउज शिवायला इतक्यात टाकू नका.

परत सांगलीला जाताना गाडीने जा, पट्टा लावाच, मध्ये पातळ उशी ठेवा, आणि दर तासा-दीड तासाला उतरून पाच मिनिटं चाला.

कृष्णाकाठची

उशी, उतरून चालणं, सगळं लिहून घेतलं. नवऱ्याला सांगितलंय कराडला चहाला थांबायचं म्हणून.